फिनिक्सच्या घराला कोणता स्प्रे फोम: ओपन सेल की क्लोज्ड सेल?

अ‍ॅरिझोनात एसीचे डक्ट बहुधा माळ्यावरच असतात, आणि उन्हाळ्यात तो माळा भट्टीसारखा तापतो. म्हणून फोम (फवारून मारायचा, फुगून उष्णता अडवणारा थर) माळ्याच्या जमिनीवर न मारता छताच्या आतल्या अंगाला मारायचा.

ओपन सेल (उघड्या पोकळ्यांचा मऊ फोम) इंचाला साधारण आर-३.७ देतो (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप), आर-३८ साठी सव्वादहा इंच लागतात. साडेपाच इंची वाशांत तो मावत नाही, वासे झाकूनच मारावा लागतो. ते बरंच, कारण लाकडातून शिरणारी उष्णताही अडते. बाष्प त्यातून जातं, पण कोरड्या हवेत त्याची फारशी चिंता नाही. खर्चही कमी.

क्लोज्ड सेल (बंद पोकळ्यांचा कडक फोम) इंचाला आर-६ ते ७. सहा इंच पुरतात, पण एका थरात दोन इंचांहून जास्त मारला की आतल्या आत तापून करपू शकतो, प्रसंगी पेटतोही. थर निवू द्यायलाच हवा. तापलेल्या पत्र्यावर-प्लायवर तर कुठलाच फोम नीट बसत नाही. काम पहाटे उरकावं.

उतरत्या छताला आमचं मत ओपन सेलला. सपाट छतावर बाहेरून मारायचा तर क्लोज्ड सेलच, वर पांढरं कोटिंग हवंच. उघडा फोम उन्हाने भुरभुरतो.

फोमने माळा हवाबंद होतो, म्हणून तिथे गॅसचा गीझर असेल तर आधी त्याच्या हवेची सोय बघा.