उणे पंचवीसमध्ये गाडीखाली: एका हिवाळ्यानंतर हत्यारांचा हिशेब

कॅनडातल्या एडमंटनमध्ये भाड्याच्या घराला गॅरेज नसेल तर गाडीचं काम करायला एकच जागा उरते, ती म्हणजे बिल्डिंगमागचं उघडं पार्किंग. माझी 2010ची कोरोला तिथेच उभी असते. ऑक्टोबरमध्ये काही हत्यारं नवी घेतली, काही जुनी होती, आणि एप्रिलपर्यंत चाकं, बॅटरी, पुढचे ब्रेक, स्टॅबिलायझरच्या लिंक अशी कामं त्यांच्यावर काढली. ऑनलाइन दुकानांतले बहुतेक रिव्ह्यू उबदार गॅरेजात बसून लिहिलेले असतात. उणे पंचवीसला तीच वस्तू कशी वागते, हे त्यात सापडत नाही, म्हणून हे लिहितोय. निकाल आधीच सांगतो. ताकदीच्या हत्यारांपेक्षा बोटं शाबूत ठेवणाऱ्या, बर्फापासून पाठ वाचवणाऱ्या आणि उजेड देणाऱ्या स्वस्त वस्तूंनी जास्त काम केलं.

"कशाला हा उपद्व्याप? मेकॅनिककडे टाक की," असं आई सांगलीहून विचारते. तिकडे ते बरोबरच आहे. इथे मजुरीचा दर तासाला दीडशे डॉलरच्या आसपास, आणि थंडीची लाट आली की सगळ्या शहराच्या गाड्या एकदम बंद पडतात, टो करणारा कधी येईल त्याचा भरवसा नाही. एक सूचना मात्र सुरुवातीलाच: भाडेकरारात पार्किंगमध्ये दुरुस्ती चालते का ते बघा. आमच्याकडे चाक-बॅटरी चालतं, ऑइल काढायला सक्त मनाई आहे.

सुरुवात बॅटरीपासून, कारण हिवाळ्याचा पहिला झटका तिथेच बसतो. उणे 18ला शिशाच्या बॅटरीची ताकद निम्म्याहून खाली येते आणि नेमकं तेव्हाच इंजिनातलं ऑइल घट्ट झाल्यामुळे सेल्फला जोर जास्त लागतो. बॅटरीवर सीसीए (कोल्ड क्रँकिंग ॲम्प्स, म्हणजे थंडीत सेल्फला मिळणारा करंट) म्हणून जो आकडा छापतात, तो याच उणे 18ला मोजलेला असतो: तीस सेकंद तितका करंट देऊन व्होल्टेज 7.2च्या खाली जाता कामा नये. नवी घेताना मी इतर काही न बघता हा आकडा बघितला आणि मापात बसेल ती सगळ्यात मोठी घेतली. बदलणं सोपं आहे, दहाचा पाना आणि थोडी चिकाटी. ऑइल 0डब्ल्यू-20 आहे, ते गाडीला लागतंच, पण त्यातल्या शून्याचा अर्थ थंडीतही पातळ राहणारं, आणि इथे त्या शून्याची किंमत सकाळी कळते.

लिथियमचा जंप स्टार्टर, म्हणजे बॅटरी उतरलेली गाडी चालू करून देणारा, खिशात मावेल असा तो छोटा डबा, याबद्दल माझं मत हिवाळाभर बदलत गेलं. पहिल्या महिन्यात पाच तारे दिले असते. दोन शेजाऱ्यांच्या गाड्याही त्याने चालू करून दिल्या. पण डब्यावर वापराची मर्यादा उणे 20 छापली आहे आणि ती खरी आहे. रात्रभर गाडीत पडलेला डबा उणे तीसला दिवे दाखवतो, सेल्फ मारला की मान टाकतो. इथे तीसेक हिवाळे काढलेल्या एका काकांनी सांगितलं, "अरे, त्याला गाडीत ठेवतोस? मग तो गाडीबरोबरच गारठणार. घरात झोपव त्याला." तेव्हापासून तो दाराजवळच्या खुंटीवर असतो आणि जाकिटाच्या आतल्या खिशातून खाली जातो. आणखी एक गोष्ट, जी माहितीपत्रकात बारीक अक्षरात असते: लिथियमचं काहीही शून्याखाली असताना चार्जिंगला लावू नका, आतल्या सेलचं कायमचं नुकसान होतं. आधी तासभर घरात ठेवायचं, मग वायर लावायची.

याच्याशी जोडून एक धोक्याची गोष्ट. पूर्ण उतरलेली बॅटरी शून्याच्या खाली दहा अंशांच्या आतच गोठू शकते. भरलेली उणे पन्नासलाही गोठत नाही. बॅटरी रिकामी होत आली की आतल्या ॲसिडचं जवळपास पाणी होतं, हे त्याचं कारण. बाजू फुगलेल्या दिसल्या तर जंप देऊ नका, चार्जरही लावू नका. ती फुटू शकते.

ब्लॉक हीटर, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर, या गाडीला आधीच्या मालकाने बसवलेला होता, त्यामुळे माझा खर्च फक्त वायरीचा. ग्रँड फोर्क्स, नॉर्थ डकोटा इथल्या अँड्र्यू फ्रीमनने याचं पेटंट 1949मध्ये घेतलं, आणि उत्तरेकडच्या पार्किंगमध्ये खांबांवर सॉकेट दिसतात ते त्यामुळेच. रात्रभर लावून ठेवायची गरज नाही. तीन-चार तास पुरतात, टायमर लावला की वीजही वाचते. वायर मात्र थंडीत मऊ राहणारी, बाहेरच्या वापराची घ्या. साधी वायर उणे तीसला काठीसारखी ताठ होते, वाकवली की वरचं आवरण तडकतं. 13 जानेवारी 2024च्या संध्याकाळी अल्बर्टाभर सगळ्यांचे फोन एकदम कोकलले होते. ग्रिडवर ताण आलाय, वीज जपून वापरा, असा इशारा होता. तेव्हापासून माझा टायमर संध्याकाळच्या गर्दीत नाही, पहाटे चालू होतो.

आता अर्ध्या इंचाचा कॉर्डलेस इम्पॅक्ट, म्हणजे घट्ट नट ठोके देत सोडवणारा बॅटरीवरचा पाना. याच्यावर सगळ्यात जास्त पैसे गेले आणि याने ते वसूल केले. गंजाने धरलेले एकवीसचे नट टॉमीवर उभं राहून सोडवण्याचे दिवस संपले. थंडीत हत्यार स्वतः ठीक चालतं, बॅटरी मात्र चटकन बसते. दोन बॅटऱ्या घ्याव्यात, एक हत्यारात, एक खिशात. आवळायला मात्र तो वापरू नका. या गाडीच्या चाकाच्या नटांना 103 न्यूटन-मीटर लागतो, ते क्लिकवाल्या टॉर्क पान्यानेच (ठरवलेल्या जोराला पोचला की टक्क करणारा पाना). डिजिटल टॉर्क पाना मी एका मित्राचा वापरून बघितला. थंडीत एलसीडीचे आकडे इतके सावकाश बदलतात की वाचेपर्यंत पुढे आवळलं जातं. क्लिकवाल्याला पडदाही नाही, बॅटरीही नाही, तो बिचारा टक्क करतो आणि सुटतो.

चाक बदलताना हिवाळ्यातली एक खुबी आहे. हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, बर्फाचा पापुद्रा राहिला आणि चाक त्यावरच आवळलं, तर गाडी चालल्यावर तो वितळतो आणि नट ढिले पडतात. तारेच्या ब्रशने हब कोरडा खरवडायचा, आणि शंभरेक किलोमीटर झाले की पुन्हा एकदा टॉर्क बघायचा.

फ्लोअर जॅकवर थोडी नाराजी आहे. त्यातलं ऑइल थंडीत पुण्याच्या डिसेंबरातल्या खोबरेलाच्या वाटेने जातं. हँडल मारत राहा, गाडी इंचा-इंचाने वर येते. काम होतं, वेळ जातो. जॅकपेक्षा मला त्याच्याखालचं प्लायवूड महत्त्वाचं वाटतं. डांबरावर दाबून बसलेला बर्फ फावड्याने पूर्ण काढायचा, मग प्लायवूड, मग जॅक, आणि गाडी लोखंडी जॅक स्टँडवर उतरवल्याशिवाय खाली हात घालायचा नाही. बर्फावर स्टँड सरकतो, आणि तो सरकताना आधी कळवत नाही.

सगळ्यात जास्त वेळ पुढच्या डाव्या ब्रेकने खाल्ला, आणि तिथेच हत्यारांची खरी परीक्षा झाली. आतला पॅड पत्र्यापर्यंत झिजलेला, बाहेरचा निम्मा शिल्लक. असं दिसलं की समजायचं, कॅलिपरची (पॅड दाबणाऱ्या भागाची) स्लाइड पिन, म्हणजे ज्यावर तो मागेपुढे सरकतो ती, अडकली आहे. चौदाचा बोल्ट काढून कॅलिपर बाजूला घेतला तर वरची पिन हलेना. पिनेवरचं रबराचं आवरण, म्हणजे बूट, चिरलेलं, आत रस्त्यावरचं मीठमिश्रित पाणी, आणि पिनेवर तपकिरी पपडी. गंज सोडवणारा स्प्रे मारला तर डब्यातून फुसफुस करून दोन थेंब आले, कारण थंडीत डब्यातला दाब उतरतो. डबा पोटाशी धरून दहा मिनिटं गाडीत बसलो, मग धार आली. पिन गोल-गोल फिरवत, एक-एक मिलिमीटर ओढत बाहेर काढली, बारीक सँडपेपरने पुसली, नवं बूट घातलं आणि सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं पेट्रोलियम ग्रीस इथे चालत नाही, त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा धरते. तापमान उणे 19 होतं, म्हणजे इथल्या हिशेबात कामाचा दिवस.

या कामाला कोणते हातमोजे होते, ते सांगणं भाग आहे. बॅटरीवर तापणारे महागडे हातमोजे मी मोठ्या हौसेने घेतले होते. चालायला, बर्फ ओढायला उत्तम. पण त्यांत बोटं इतकी जाड होतात की नट धरणं सोडा, तो बोटात आहे की नाही हेही कळत नाही. त्यापेक्षा आत पातळ लोकरीचे हातमोजे आणि वरून एक माप मोठे नायट्राइलचे, म्हणजे रबरासारखे पातळ. हे दहा-बारा मिनिटं टिकतं, मग बोटं बधिर व्हायच्या आत गाडीत जाऊन हीटरपुढे हात धरायचे. ब्रेक क्लीनर ओल्या मोज्यावर सांडला तर लगेच मोजे बदला. क्लीनर उडून जाताना कातडी भयंकर गार पडते आणि हिमदंश तिथून सुरू होतो. उघड्या हाताने पाना धरायचा विचारही नको.

नट बर्फात पडला तर तो दिसत नाही, दिसतं ते फक्त एक छोटं भोक. चुंबकाची थाळी आणि चुंबकाची लांब काठी, दोन्ही मिळून वीस डॉलरच्या आत, आणि घेतलेल्या सगळ्या वस्तूंत यांना मी पहिला नंबर देईन. दुसरा नंबर फोमच्या जाड चटईला, कारण गारठा हवेपेक्षा जमिनीतून जास्त चढतो. तिसरा हेडलॅम्पला. डिसेंबर अखेरीस इथे दिवस साडेसात तासांचा असतो, चार-साडेचारला सूर्य गेलेला असतो, म्हणजे नोकरी करणाऱ्याने आठवड्यातलं कुठलंही काम अंधारातच करायचं. हेडलॅम्प मात्र असा घ्या, ज्याची बॅटरी वायरीने खिशात ठेवता येते.

हत्यारांची पिशवी आदल्या रात्री हॉलमध्ये आणून ठेवतो. गरम गोटी-पाने (सॉकेट) आणि साधे पाने पहिली दहा मिनिटं तरी हाताला चटका देत नाहीत. परत आणल्यावर सगळ्यांवर दव सुटतं, तेव्हा पुसून तेलाचा हात फिरवावा लागतो, नाहीतर महिन्यात गंज. ग्रीसच्या वासावरून बायकोशी तह झालाय: पिशवी झाकलेली, आणि खाली वर्तमानपत्र.

प्लास्टिकच्या क्लिपा मात्र थंडीत कुणाचं ऐकत नाहीत. बंपरखालचं कव्हर काढायचं असेल तर हेअर ड्रायरने पाच मिनिटं गरम करा, किंवा सरळ मार्चपर्यंत थांबा. मी थांबलो. तसंच कूलिंग सिस्टीम उघडायची कामं आणि पेट्रोलच्या लाइनची कामं बाहेर करत नाही. उणे 25च्या खाली बॅटरी सोडून कशालाही हात लावत नाही, मग गाडी दोन दिवस उभी राहिली तरी बेहत्तर, बस आहेच.

व्हँकुव्हर किंवा टोरांटोच्या बाजूला राहणाऱ्यांनी यातलं निम्मं घेऊ नये. चटई, थाळी, हेडलॅम्प आणि चांगली बॅटरी एवढ्यात भागतं. प्रेअरीत, म्हणजे आमच्यासारख्या सपाट मैदानी प्रांतांत, राहणाऱ्यांनी इम्पॅक्टही घ्यावा, सप्टेंबरच्या सेलमध्ये. तापणारे हातमोजे मी विकायला काढलेत, चार्जरसकट, निम्म्या किमतीत. बर्फ ओढायला खरंच छान आहेत.