सोलापूरच्या चाटी गल्लीतलं चादरीचं दुकान आणि त्याच दुकानाची वेबसाईट, दोन्हीचा रिव्ह्यू

दुकानाला ५ पैकी ५, वेबसाईटला ५ पैकी २. मालक एकच, माल एकच, भाव पण जवळपास तेच, मग एवढा फरक कशाचा ते सविस्तर लिहिते, कारण सोलापूरची चादर आता बरीचशी फोनवर बघूनच घेतली जाणारे आणि त्या फोनमध्ये गिऱ्हाईक अडकून परत गेलं तर मागावर कितीही चांगलं विणलं तरी उपयोग काय. दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाही, खाली जे लिहिलंय ते मालकांना समोर बसून सांगितलंय, चारचौघांत त्यांना बोल लावायचा नाहीये.

आमच्या घरात लग्न, आहेराच्या चादरी आणि टॉवेलची खरेदी, सोबत पुण्याची मावसबहीण. ती एकटीच पुढं आली, फोनवरच्या मॅपच्या निळ्या रेषेवर डोळे ठेवून, आणि मॅपनं तिला नेलं थेट मागच्या बोळात, गोडाऊनच्या बंद शटरसमोर. मॅपच्या हिशोबानं ती पोचलेली होती बरं का. मग दुकानात फोन लावला, तिथल्या मामांनी विचारलं, "ताई, मधल्या मारुतीचं देऊळ दिसतंय का? नाही? मग आधी कुणालाही विचारून मारुतीपाशी या, मारुतीकडं तोंड करून उभं राहा आणि परत फोन करा." पाच मिनिटांत बाई दुकानात हजर.

आपल्याकडं कुणी दोनशे मीटरवर डावीकडं असं सांगतच नाही. सात रस्त्याला ये, बाळीवेशीत उतर, तलावाच्या कडेनं ये, किल्ल्याच्या तटाला लागून पुढं जा, असंच सांगतात, आणि वेशी तर अशा की तिथं वेस शोधत बसलात तर नुसती रहदारी दिसेल पण पत्त्यात वेस पक्की आहे. केविन लिंच नावाच्या अमेरिकन नगररचनाकारानं बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस इथल्या लोकांना त्यांच्या शहराचे नकाशे आठवणीतनं काढायला लावले होते आणि १९६० साली त्याचं म्हणणं मांडलं, की माणसाच्या डोक्यातलं शहर पाच गोष्टींवर उभं असतं, वाटा, कडा, भाग, जिथं वाटा एकत्र येतात ते चौक आणि खुणा. तो सोलापूरला आला असता तर त्याला फार विचारावं लागलं नसतं. वाटा म्हणजे होटगी रोड नि विजापूर रोड, कडा म्हणजे रेल्वे लाईन आणि सिद्धेश्वर तलाव, भाग म्हणजे आपल्या पेठा, चौक म्हणजे सात रस्ता आणि खूण म्हणजे मधला मारुती. मामांनी फोनवर नेमकं तेच केलं, आधी तिला खुणेपाशी आणलं, तोंड कुठल्या दिशेला आहे ते पक्कं केलं, मग पुढचं सांगितलं.

आता आत या. दारात उभं राहिलं की सगळं दुकान एका नजरेत दिसतं. डावी भिंत पांघरायच्या चादरींची, उजवीकडं टॉवेल, नॅपकिन, पंचे, समोर आहेराचे बॉक्स पॅकिंगचे सेट, आणि आतल्या खोलीत बेडशीट नि पडदे, त्या खोलीच्या दारावरच एक पडदा टांगलाय म्हणजे आत काय ते विचारायलाच नको. प्रत्येक थप्पीतली वरची चादर अर्धी उलगडून खाली सोडलेली, त्यामुळं जेकार्डची, म्हणजे मागावरच विणलेली, नक्षी एका बाजूनं मरून वर पांढरी आणि दुसऱ्या बाजूनं पांढऱ्यावर मरून अशी कशी येते ते हात न लावता दिसतं. मामांचा पहिला प्रश्न ठरलेला, "पांघरायला, अंथरायला का द्यायला?" आपण द्यायला म्हटलं की लगेच, "मानाचे वेगळे का सगळे सारखे?" या दोन प्रश्नांत अख्ख्या दुकानाचा माल आपल्यापुरता तीन थप्प्यांवर येतो. जीएसएम म्हणजे कापडाचं वजन, काउंट म्हणजे सूत किती बारीक वगैरे मामांना सगळं पाठ आहे (आपसात ते तेलुगूत त्याच्यावरच बोलत असतात) पण गिऱ्हाईकासमोर ते कधीच तिथनं सुरुवात करत नाहीत, कारण गिऱ्हाईक ते डोक्यात घेऊन आलेलंच नसतं, गिऱ्हाईकाच्या डोक्यात असतं की व्याह्यांना काय द्यायचं आणि आजीला थंडीत जड होणार नाही असं काय घ्यायचं.

बहिणीनं तासभर सगळं बघितलं आणि शेवटी म्हणाली, "ती मघाची मोराची दाखवा ना, टॉवेलच्या बाजूच्या थप्पीत होती, खालनं दुसरी." नाव माहीत नाही, नंबर माहीत नाही, भाव पण विसरली होती, जागा मात्र बरोब्बर, आणि चादर तिथंच निघाली. डोक्याची घडणच तशी आहे. जॉन ओकीफ यांना १९७१ साली उंदराच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या की उंदीर ठराविक जागी आला की ठराविक पेशी जागी होते, पुढं २००५ मध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांनी मेंदूतली जागा मापणारी जाळी दाखवली, आणि २०१४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं. आपण वस्तू जागेला धरून लक्षात ठेवतो, दुकानदाराला हे नोबेलच्या आधीपासून माहीत असतं म्हणून तो थप्प्या उगाच हलवत नाही.

आणि आता वेबसाईट. काही नग कमी पडले म्हणून घरी बसून ऑनलाईन मागवायला गेले. उघडल्या उघडल्या मोठा फोटो, वर तीन आडव्या रेघा, त्या दाबल्या की हेरिटेज, सिग्नेचर, कम्फर्ट, एलिगन्स असे चार विभाग. सांगा आता, आहेराचा टॉवेल सेट कशात असेल? चारही दारं सारखीच, कुठल्याच दारावर पडदा टांगलेला नाही. नव्वदच्या दशकात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड यांनी यावर काम केलंय, त्यांचं म्हणणं, जनावर चारा शोधताना वास घेत जातं तसाच माणूस माहिती शोधताना शब्दांचा वास घेत जातो, ज्या लिंकला आपल्या कामाचा वास येतो तिकडं जातो, वास विरला की ती जागा सोडून देतो. सगळं वाचून, तुलना करून मग ठरवणारं कुणी नसतं हो, त्यातल्या त्यात जवळचा वाटणारा शब्द दिसला की बोट पडतं. एलिगन्सला कसला वास येणार. आहेर, पांघरूण, टॉवेल, लहान मुलांचं एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं.

सर्चमध्ये "पांघरायची चादर" टाकलं, काही सापडलं नाही. "सोलापूर चादर" टाकलं तर सगळा मालच समोर आला, कारण प्रत्येक मालाच्या नावात सोलापूर आहेच. फोटो सगळे घडी घातलेल्या चादरींचे, एकाच बाजूचे, म्हणजे सोलापुरी चादरीची जी खरी ओळख, दोन्हीकडनं दिसणारी नक्षी, तीच गायब, आणि खाली ठळक अक्षरात जीएसएम.

पण माझी मुख्य तक्रार बॅक बटणाची आहे. खाली खाली स्क्रोल करत बरंच लांब गेले, एक मोरपिशी रंगाचा सेट उघडून बघितला, बॅक केलं, आणि यादी पहिल्यापासून! परत खाली जावं तर क्रम पण बदललेला, न्यू अरायव्हल मध्येच घुसलेले. म्हणजे दुकानात तुम्ही एक चादर उजेडात बघायला दारापर्यंत नेली आणि वळून बघता तर सगळ्या थप्प्या हललेल्या. "खालनं दुसरी" म्हणायची सोयच ठेवलेली नाही. आपण कुठं आहोत, कुठनं आलो, परत कसं जायचं, हे तीन प्रश्न बोळात पण पडतात आणि स्क्रीनवर पण पडतात, बोळात निदान विचारायला माणूस तरी असतो. माझी आई तर दोनदा वरती फेकली गेली की फोन ठेवून देते आणि म्हणते आपल्याला यातलं कळत नाही. मला याचा फार राग येतो, कारण तिला सगळं कळतं, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत एवढ्या गर्दीत ती कुणाचा हात न धरता नेमक्या स्टॉलवर जाते.

मालकांना हे सगळं सांगितलं तर त्यांनी मनापासून ऐकून घेतलं. साईट बाहेरच्या पार्टीनं तयार साच्यावर बसवून दिलीय, विभागांची नावं पण त्यांचीच. मी म्हटलं, मालक, एक दिवस साईट करणाऱ्या मुलांना मामांच्या शेजारी गादीवर बसवा, गिऱ्हाईक आत आल्यावर पहिलं वाक्य काय बोलतं ते नुसतं लिहून घ्यायला सांगा, तोच तुमचा मेनू. मामा हसले, पण मालकांनी डायरीत लिहून घेतलं.

तुम्हाला घ्यायचं असेल तर सध्या असं करा. सोलापुरात असाल तर दुकानातच जा, सकाळी जा, संध्याकाळी गल्लीत पाय ठेवायला जागा नसते, गाडी लांब लावा. बाहेरगावी असाल तर वेबसाईटच्या नादी लागू नका, तिथनं फक्त व्हॉट्सॲप नंबर घ्या आणि कुणासाठी, किती नग, बजेट किती एवढं लिहून पाठवा, मामा दोन्ही बाजूंचे फोटो टाकतात आणि कुरियर नीट करतात, आमचे नग व्यवस्थित आले.

अपडेट: मेनूत आता "आहेरासाठी" असा विभाग आलाय, पहिल्याच नंबरला, आणि त्यात चादर-टॉवेलचे सेट एकत्र आहेत. यासाठी २ चे ३ करतेय. बॅक बटण अजून तसंच आहे, ते झालं की चौथा स्टार.