आप्पांचा सॅक्सोफोन दुरुस्तीला दिला, परत आला तो वेगळाच

गेल्या लग्नसराईच्या तोंडावर मी माझ्या वडिलांचा सॅक्सोफोन दुरुस्तीला पाठवला. २३,५०० रुपये मोजले. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण त्याहून मोठं नुकसान वाद्याचं झालं आणि ते आता भरून येणार नाही. खानदेशात बँडवर पोट असलेली कितीतरी घरं आहेत. कुणाच्या तरी माळ्यावर असंच जुनं वाद्य पेटीत पडलेलं असेल, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आप्पांनी हा अल्टो (मधल्या आकाराचा) सॅक्सोफोन भुसावळला घेतला होता. रेल्वे कॉलनीतलं एक अँग्लो-इंडियन कुटुंब घर आवरून निघालं होतं, त्यांच्याकडून. अमेरिकेतल्या एल्कहार्ट गावच्या कॉन कंपनीचं वाद्य, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं. पितळी अंगावर चांदीचा मुलामा. बेलवर, म्हणजे वाद्याच्या पसरट तोंडावर, एका बाईचा चेहरा कोरलेला, आप्पा तिला ‘मडम’ म्हणायचे. मागच्या बाजूला नंबर आणि त्याच्याजवळ ८ डिसेंबर १९१४ ही पेटंटची तारीख. ते पेटंट होतं वाद्याच्या भोकांच्या कडांचं. या वाद्यात भोकाची कड नुसती कापलेली नसते, ती बाहेरच्या बाजूला गोल वळवलेली असते, घरातल्या पातेल्याच्या काठासारखी. नेकच्या, म्हणजे वाद्याच्या वरच्या वाकड्या सुट्या नळीच्या, टोकाला एक फिरती कडी होती. ती फिरवली की माउथपीस (तोंडात धरून फुंकायचा भाग) न हलवता सूर थोडा चढवता-उतरवता यायचा. आप्पांनी नेकच्या खालच्या अंगाला खिळ्याने बारीकसा ॐ कोरून ठेवला होता.

वाद्य आजारी होतं हे खरं. चाव्यांखाली भोकं झाकणारे पॅड वाळून तडकले होते, नेकचा कॉर्क झिजला होता, एका चावीची स्प्रिंग तुटली होती आणि तिथे रबरबँड लावून मी दोन सीझन काढले होते. खालचे सूर लागत नव्हते. धुळ्याचे एक जुने उस्ताद वाद्यं दुरुस्त करतात. त्यांनी सांगितलं, हातात कामं आहेत, पावसाळ्यात आण, नीट करून देतो. मला थांबायचं नव्हतं. आखाजीनंतरच्या (अक्षय्य तृतीयेनंतरच्या) लग्नांच्या सात सुपाऱ्या घेऊन झाल्या होत्या. अशात मोबाईलवर एका मोठ्या शहरातल्या कारागिराचे व्हिडिओ दिसले. काळंकुट्ट वाद्य आत जातं आणि सोन्यासारखं लखलखत बाहेर येतं. फोन केला तर माणूस गोड बोलला, “दादा, नऊ हजारांत नवं करून देतो.” मी ट्रॅव्हल्सने पार्सल पाठवलं. पावती नाही, कामाची यादी नाही, वाद्याचे फोटोसुद्धा काढले नाहीत.

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. सगळे पॅड बाद आहेत, परदेशी लागतील, आठ हजार वर. सोबत उघड्या वाद्याचे फोटो. आणखी चार दिवसांनी, चांदी सडलीय, पॉलिश करून वर लॅकर (चमकीचा पारदर्शक थर) मारावं लागेल, साडेसहा हजार. डाव इथेच असतो, हे मला फार उशिरा कळलं. वाद्य उघडून टेबलावर पसरलेलं, चाव्या डब्यात सुट्या, आणि आपण चारशे किलोमीटरवर. नको म्हटलं तर “तसंच परत पाठवू का?” म्हणून विचारतात. मी दोन्ही वेळा पैसे पाठवले.

पार्सल उघडलं तेव्हा आईने वाद्याला हळदीकुंकू वाहिलं. इतकं ते चमकत होतं. वाजवून पाहिलं तर मधले सूर बोटं दाबून दाबून निघत होते आणि खालचे नुसते गुरगुरत होते. त्याला विचारलं तर म्हणाला, नवे पॅड बसायला आठवडा लागतो. हे धादांत खोटं आहे. नीट बसवलेला पॅड पहिल्या दिवशीच भोक हवाबंद झाकतो. सॅक्सोफोनमध्ये खालचा सूर काढताना वरची सगळी भोकं बंद असावी लागतात, त्यामुळे वर कुठेही केसाएवढी फट राहिली तरी खालचे सूर मरतात. मी इतकी वर्षं वाजवतोय, मला हे माहीत होतं. तरी त्या चमकेकडे बघून मी त्याचं ऐकलं.

अमळनेरला पहिलं लग्न. मे महिन्याची दुपार, पारा ४३ च्या वर. वरात निम्म्यावर आली आणि उजव्या हाताच्या चावीतला एक पॅड गळून रस्त्यावर पडला. पाठोपाठ दुसरा. ट्रंपेटवाल्याने गाणं सांभाळलं म्हणून निभावलं. बँडच्या मास्तरांनी बिदागीतून काही कापलं नाही, पण रात्री कुणी माझ्याशी बोललंही नाही.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला गेलो. उस्तादांनी वाद्य हातात घेतलं, नेक काढली, उलटी करून पाहिली आणि म्हणाले, “भाऊ, वाजा तुना शे, पन नेक तुनी नही शे.” म्हणजे, वाद्य तुझं आहे, पण नेक तुझी नाही.

माझ्या हातापायातलं बळ गेलं. कडी नव्हती, ॐ नव्हता. कुठल्यातरी स्वस्त वाद्याची नेक लावली होती आणि ती ढिली बसत होती म्हणून नळाच्या कामाची पांढरी टेप गुंडाळली होती. चमकेच्या भरात मी नेककडे नीट बघितलंच नव्हतं. वरचे सूर चढे का येत होते ते आता समजलं. नेकचा निमुळता आकार वाद्याशी जुळला नाही तर सप्तकं एकमेकांशी जुळत नाहीत.

मग त्यांनी खोलीची दारं लावली आणि वायरला बांधलेला लहान दिवा वाद्याच्या पोटात सोडला. चाव्या बंद करून अंधारात पाहिलं की जिथे उजेड दिसतो तिथे गळती. उजेड जवळजवळ प्रत्येक पॅडखालून दिसत होता. अल्टोला साधारण पंचवीस पॅड असतात. त्यातले समोर दिसणारे सात बदलले होते, बाकीचे जुनेच, वरून तपकिरी रंग लावलेले. नवे होते तेही लाखेवर बसवले नव्हते. सायकलचं पंक्चर काढायच्या सोल्यूशनसारखं काहीतरी थापलं होतं आणि ते उन्हात मऊ पडलं होतं.

सगळ्यात वाईट गोष्ट उस्तादांनी शेवटी दाखवली. भोकांच्या गोल वळवलेल्या कडा कानशीने घासून सपाट केल्या होत्या. पॅड सरळ बसावा म्हणून साध्या वाद्याची कड हलक्या हाताने घासतात, पण वळवलेल्या कडेवर कानस चालली की वळणच कापलं जातं आणि मागे ब्लेडसारखी पातळ धार राहते. अशी कड आतून हळूहळू उचलून समतल करायची असते. ते वेळखाऊ काम आहे. नऊ भोकांचं त्याने वाटोळं केलं होतं. कारखान्यात वळवलेली कड पुन्हा आणता येत नाही.

चांदीचं म्हणाल तर जळगावच्या सराफ बाजारातल्या एका कारागिराला वाद्य दाखवलं. चाव्यांच्या गार्डखाली, जिथे बफचं (पॉलिशचं) चाक पोचलं नाही तिथे मुलामा अजून आहे, बाकी अंगावर कुठेच नाही. काळी पडलेली चांदी सडलेली नसते, फडक्याने निघते. बफिंगने धातूच जातो. मडमचं नाक गेलंय, डोळे पुसट झालेत, आणि नंबरचे शेवटचे दोन आकडे बोटाला लागतात पण डोळ्यांना दिसत नाहीत.

त्या माणसाला फोन केला. नेक तीच होती, तुम्हीच बदलली असेल, असं म्हणाला आणि नंतर माझा नंबर ब्लॉक केला. पोलिसांत अर्ज दिला आहे. नव्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आहे आणि विश्वासाने दिलेली वस्तू हडपण्याला ३१६. जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार केली. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, की २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्याच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वरूनही मला मार्ग सांगितला गेला. पुरावा म्हणून माझ्याकडे मोबाईलवरून पाठवलेल्या पैशांच्या नोंदी आहेत आणि आप्पांचा एका लग्नातला जुना फोटो, ज्यात नेकवरची कडी स्पष्ट दिसते. तो फोटो सापडला नसता तर माझ्याकडे बोलायलाही काही नव्हतं.

म्हणून हात जोडून सांगतो, वाद्य द्यायच्या आधी नंबर, नेक, माउथपीस, कोरीव काम, सगळ्याचे जवळून फोटो काढा. नेकवर नंबर असेल तर तोही टिपा. कुठले पॅड, किती, कशाने बसवणार, हे कागदावर लिहून घ्या, आणि काढलेले जुने पॅड व कॉर्क परत मागा. खरा कारागीर हे मागितल्याने रागावत नाही, धुळ्याच्या उस्तादांनी तर न मागता पुडी बांधून दिली. पॉलिश आणि लॅकरला साफ नाही म्हणा, जुन्या वाद्याला तर नाहीच. कड घासणार का, हे विचारा. आणि घ्यायला स्वतः जा. अंधारात दिवा सोडून पाहा, मग सगळ्यात खालचा सूर अगदी हळू फुंकून पाहा. जोर लावून कुठलंही गळकं वाद्य घटकाभर वाजतं.

उस्तादांनी दोन महिने खपून जेवढं करता आलं तेवढं केलं. पातळ कडांवर जाड, मऊ पॅड बसवले, लाखेवर, एकेक करून. आता वाद्य खालच्या डी या सुरापर्यंत उतरतं. त्याच्या खाली जात नाही.

आप्पांची नेक कुठेतरी, कुणाच्या तरी वाद्यावर बसलेली असणार. तिची किंमत जाणणारा माणूसच ती काढून घेतो. जुन्या कॉन अल्टोची नेक विकत घेणाऱ्यांनी तेवढी उलटी करून बघावी. टोकाला फिरती कडी आहे, आणि खालच्या अंगाला खिळ्याने कोरलेला ॐ आहे, थोडा डावीकडे कललेला.