न्यू व्हेगास, काही महिन्यांनी: लपणं ठीकठाक, खरा त्रास गणवेशाचा

काळं रेंजर चिलखत घालून लीजनच्या (सीझरच्या, गुलामांवर चालणाऱ्या फौजेच्या) हद्दीत शिरू नका. फॉलआउट: न्यू व्हेगास हा व्हिडिओ गेम २०१० च्या ऑक्टोबरात आला तेव्हा त्याच्या वेष्टनावर जो मुखवटेवाला रेंजर होता, त्याच्या अंगावर हेच चिलखत आहे. साहजिकच हाती लागलं की जो तो ते चढवतो. मग ज्या लीजनशी तासन्‌तास गोडीगुलाबीने जमवून आणलेलं असतं, त्यांचा पहिलाच गस्तीवाला माचेट उपसून अंगावर येतो. तुम्ही त्यांची किती कामं केली, सीझरने स्वतः माफी दिली की नाही, याला शून्य किंमत. कपडा एनसीआरचा (न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिक, लीजनचा शत्रू), म्हणजे माणूस एनसीआरचा. इतक्या हुशार खेळात इतका ठोकळ नियम कसा राहिला, याचा राग अजून गेलेला नाही. पुढचं सगळं त्या रागातूनच वाचावं.

गोष्ट, नकाशा, २२८१ साल, प्लॅटिनम चिप वगैरे सगळ्यांना ठाऊक आहे असं धरतो. घ्यायचा तर सेल लागेपर्यंत थांबा आणि अल्टिमेट एडिशनच घ्या. चारही मोठे विस्तार त्यात येतात. सुटे सुटे घेणं म्हणजे पैसे उधळणं. जुना लॅपटॉप पुरतो, ग्राफिक कार्डाच्या मागे लागू नका. मात्र आजच्या विंडोजवर तो जसाच्या तसा चालवाल तर कोसळणार, कारण हा ३२ बिटचा प्रोग्रॅम आहे आणि मूळ अवस्थेत २ जीबीपलीकडे मेमरी वापरत नाही. प्रोग्रॅम फाइल्सच्या बाहेर वेगळं फोल्डर करून तिथे बसवा, लाँचर एकदा उघडून बंद करा म्हणजे सेटिंगच्या फाइली तयार होतात, मग चाहत्यांनी केलेल्या दुरुस्त्या: ४ जीबी पॅच, एक्सएनव्हीएसई, टिक फिक्स आणि वायअप, या क्रमाने. फ्रेम सेकंदाला ६० वर बांधून ठेवा; त्यापुढे गेलं की डबे-बाटल्या हवेत उडायला लागतात. ऑटोसेव्ह बंद करा आणि प्रत्येक वेळी नव्या जागी हाताने सेव्ह करा. इंदुरात मे महिन्यात लाइटचा भरवसा नाही, आणि सेव्ह चालू असताना डेस्कटॉप बंद पडला तर ती फाइल गेलीच समजा. दुपारी गच्चीवरच्या खोलीत खेळणाऱ्यांनी आधी खिडकीला पडदा लावावा. ऊन पडद्यावर आलं की अंधारी व्हॉल्टं (जमिनीखालचे बंकर) खेळता येत नाहीत, आणि ब्राइटनेस वाढवला की अंधाराची मजाच जाते.

आता लपण्याबद्दल. खाली बसलात की पडद्यावर चार शब्दांपैकी एक येतो. हिडन म्हणजे कुणाला पत्ता नाही. डिटेक्टेड म्हणजे कुणीतरी पाहिलंय, पण तो शत्रू नाही. कॉशन म्हणजे शत्रूला संशय आलाय आणि तो शोधतोय. डेंजर म्हणजे संपलं. चोरी करताना बरेच जण डिटेक्टेड हलक्यात घेतात, कारण त्यात लाल काही दिसत नाही. पण खिसा कापायचा तर हिडनच हवं.

हिशेबात अंतर, नजरेची रेषा, उजेड, तुमची हालचाल, चिलखताचं वजन आणि समोरच्याचं पर्सेप्शन (नजर-कान किती तीक्ष्ण) हे सगळं धरलं जातं. यातलं सगळ्यात जास्त नडतं ते धावणं. सायलेंट रनिंग हा पर्क (लेव्हल वाढली की निवडायची खास खुबी) १२ व्या लेव्हलला मिळतो, त्यासाठी अजिलिटी (चपळाई) ६ आणि स्नीक (लपण्याचं कौशल्य) ५० लागतं. तो घेतला की धावण्याचा आवाज धरलाच जात नाही. चोरपावलांनी खेळणार असाल तर यावर चर्चा नको, पहिल्या दिवसापासून अजिलिटी ६ ठेवा.

लपून केलेला वार बंदुकीने दुप्पट लागतो आणि चाकू, मुठी वगैरेंनी पाचपट. म्हणून सुरुवातीला सायलेन्सरच्या पिस्तुलामागे धावण्यात अर्थ नाही. ते .२२ चं पिस्तूल कॅसिनोत लपवून न्यायला उत्तम, पण इथे प्रत्येक गोळीतून समोरच्याचं डॅमेज थ्रेशोल्ड (चिलखत अडवतं तो मारा) वजा होतं. गोळी हलकी असेल तर चिलखतवाल्याला जेमतेम पाचवा हिस्सा पोचतो. त्याऐवजी ब्रॉक फ्लॉवर केव्ह गाठा. मोठाले उंदीर मारून आत गेलात की रॅटस्लेयर मिळते: सायलेन्सर आणि रात्रीची दुर्बीण आधीच बसवलेली, गोळी ५.५६ ची, जी सगळीकडे मिळते. गुडस्प्रिंग्ज या सुरुवातीच्या गावापासून फार लांब नाही आणि एक कॅपही (इथलं चलन) खर्च होत नाही. कंजूष माणसासाठी याहून चांगली बंदूक पहिल्या दहा लेव्हलांत नाही.

साथीदार मात्र लपण्याचा विचका करतात. तुम्ही बसलात की तेही बसतात हे खरं, पण बून या नेमबाज साथीदाराला लांबवर लीजनचा लाल कपडा दिसला की तो तुमची वाट बघत नाही. ईडी-ई हा उडता यंत्रमानव तर लढाई सुरू होताना वाजतगाजत धून वाजवतो. छुप्या कामगिरीवर निघताना दोघांनाही साथीदारांच्या चक्रातून ‘इथेच थांब’ सांगा. शत्रूही काही कमी मठ्ठ नाहीत: शेजारी प्रेत पडलेलं असतं, आणि थोडा वेळ शोधून पहारेकरी परत आपल्या जागी जाऊन उभा राहतो. मेट्रो: लास्ट लाइट २०१३ चा, तो आरपीजी नाही, पण त्यात मनगटावरचा निळा दिवा तुम्ही उजेडात आहात की नाही ते स्वच्छ सांगतो आणि दिवे विझवून अंधार करता येतो. इथे उजेड हिशेबात आहे, पण तुमच्या हातात नाही. लपण्याला दहापैकी सहा.

गटांचं गणित मात्र आजही कुणी याहून चांगलं केलेलं नाही. नावलौकिक आणि बदनामी इथे पेढीवरच्या जमा आणि नावे अशा दोन वेगळ्या वह्यांसारख्या लिहिल्या जातात, आणि त्यांची वजाबाकी कधीच होत नाही. चार पायऱ्या चांगल्याच्या, चार वाईटाच्या, त्यातून सोळा खणांचा तक्ता. दोन्ही वह्या भरल्या की तुम्ही वाइल्ड चाइल्ड. चांगलं जास्त आणि वाईट थोडं तर आणखी तिसरंच नाव. म्हणजे एनसीआरच्या दहा माणसांना वाचवलं तरी आधी मारलेला एक शिपाई पुसला जात नाही. मोठी पुसापुशी एकदाच होते: टॉप्स कॅसिनोत बेनीचा (सुरुवातीला तुम्हाला गोळी घालणाऱ्याचा) निकाल लावून बाहेर आलात की लीजनकडून व्हल्पिस इनकुल्टा आणि एनसीआरकडून त्यांचा दूत माफी घेऊन भेटतात. व्हल्पिसला आधीच निप्टन गावात मारलं असेल तर त्याच्या जागी अलेरियो येतो, पण तोवर लीजनचे मारेकरी तुमचा माग काढत असतात. या माफीपर्यंत मनसोक्त गोंधळ घाला. त्यानंतर मात्र जपून.

आणि आता पुन्हा गणवेश. आमच्या इकडच्या हिंदीत सांगायचं तर, भिया, पेंच यहीं है. ठराविक चिलखतं घातली की तुमचा आधीचा हिशेब बाजूला पडतो आणि तुम्ही त्या गटाचे समजले जाता. मित्र-शत्रूही मग त्या गटाचे. पण वेश सगळ्यांना फसवत नाही. कुत्री ओळखतात. वरच्या दर्जाचे काही लोक ओळखतात: एनसीआरकडे रेंजर, लीजनकडे सेंच्युरियन. मोठ्या छावणीत यांच्यापैकी कुणी ना कुणी असतंच. पहिल्या खेळात हा सगळा प्रकार अर्धवट सोडलेला वाटतो: आपले लोक मारायला उठतात आणि परके ओळखतात, मग फायदा कुणाचा?

दुसऱ्यांदा, उलट्या बाजूने खेळताना, मत बरंच बदलतं. वेश हा राहायचा कपडा नाही, वाट ओलांडायचा पास आहे. उदाहरण पावडर गँगर्सचं (तुरुंगातून सुटलेल्या कैद्यांच्या टोळीचं) घ्या. गुडस्प्रिंग्जवर चालून येणाऱ्या जो कॉबच्या टोळक्याचे कपडे फुकट मिळतात. ते घालून एनसीआरसीएफ तुरुंगात बिनधास्त शिरता येतं, एक गोळी न खर्चता. फक्त प्रिम गाव येण्याआधी कपडे बदला, कारण तिथे एनसीआरचे शिपाई आहेत आणि त्यांना तुम्ही फरार कैदी वाटता. तसंच, एनसीआर तुमच्यावर पेटलेली असेल तर साध्या शिपायाच्या वेशात कॅम्प मॅकॅरन या त्यांच्या तळाचं अंगण पार करता येतं. कुत्रा दिसला की लांबून वळसा, अधिकारी दिसला की त्याच्या पाठीमागून.

पद्धत अशी. दोन्ही पोशाख शॉर्टकट कळांवर बसवा. २ सोडून, ती गोळ्यांचा प्रकार बदलायला राखीव आहे. बदलताना आधी आडोशाला जा, खाली बसा, हिडन येऊ द्या, मगच कळ दाबा. एकदा डेंजर आलं की कपडे बदलून उपयोग नाही, पेटलेलं भांडण कपड्याने विझत नाही. आणि कायम घालायला ज्यावर कुणाचा शिक्का नाही असंच चिलखत ठेवा. ऑनेस्ट हार्ट्स या विस्तारातलं डेझर्ट रेंजर कॉम्बॅट आर्मर दिसायला जवळजवळ त्या काळ्यासारखंच आहे, पण कुणाच्याही गटाचं नाही. लोन्सम रोड या विस्तारातला रायट गिअरही तसाच. नियम वाईट नव्हता, नियम सांगितला वाईट गेला, असं आता वाटतं. कुत्र्यांवरचा राग मात्र कायम आहे.

लपणं, गट आणि खलनायक तिन्ही एकत्र नीट जुळलेत ते मॅकॅरनच्या हेर शोधण्याच्या कामात. एनसीआरचा कर्नल श्यू तुम्हाला घरभेदी शोधायला सांगतो. मध्यरात्रीच्या सुमाराला कंट्रोल टॉवरमध्ये आधीच जाऊन कोपऱ्यात बसायचं, दिसायचं नाही, आणि कॅप्टन कर्टिस वायरलेसवर काय बोलतो ते ऐकायचं. मग मोनोरेलमधला बॉम्ब. इथे सायलेंट रनिंगचा उपयोग नाही, नुसता धीर लागतो. हेडफोन मात्र लावा, जेल रोडवरचा स्वस्तातला चालेल. पावलं कुठून येतायत ते कळणं गरजेचं आहे.

खलनायकांत सीझर सगळ्यात वरचा, कारण तो वेडा नाही. मूळ नाव एडवर्ड सॅलो, फॉलोअर्स ऑफ द अपॉकलिप्स या शिकवणाऱ्या, औषधपाणी करणाऱ्या गटातला माणूस. त्याने रोमन इतिहास वाचला आणि त्यातून गुलामांवर चालणारी फौज उभी केली. समोर बसवून तो तुमच्या प्रश्नांना उत्तरं देतो, आणि उत्तरं ऐकून आणखी किळस येते. डोक्यात गाठ आहे, शस्त्रक्रिया तुमच्याच हाती येऊ शकते, आणि तिथे काय करायचं ते खेळ तुमच्यावर सोडतो. तक्रार एवढीच की त्याच्या बाजूला करण्यासारखं काम फार कमी आहे. सगळा खेळ जेमतेम १८ महिन्यांत उभा राहिला, आणि नदीपलीकडचा लीजनचा मुलूख आत आलाच नाही. म्हणून त्यांची बाजू घेणाऱ्याला निप्टनची लॉटरी आणि क्रुसावर टांगलेले लोक दिसतात, पण त्यांच्या राज्यात व्यापारी निर्धास्त फिरतात ही गोष्ट फक्त ऐकावी लागते.

लीजनचा सेनापती लेगेट लेनियस शेवटी येतो. त्याच्याशी लढायची सक्ती नाही: स्पीच (बोलण्याचं) किंवा बार्टर (सौद्याचं) कौशल्य १०० असेल तर बोलून परत पाठवता येतो. १०० नसेल तर मासिकं साठवून ठेवा. एक मासिक १० गुण देतं, कॉम्प्रिहेन्शन पर्क असेल तर २०. म्हणजे ८० वरही काम होतं, फक्त परिणाम मिनिटभरच टिकतो, तेव्हा संवाद सुरू करायच्या अगदी आधी वाचा. १९९७ च्या पहिल्या फॉलआउटमध्ये मास्टर या खलनायकालाही असंच पटवता यायचं, त्याचे म्युटंट वांझ आहेत याचा पुरावा समोर ठेवून. २०१५ च्या फॉलआउट ४ मध्ये लपणं जास्त सफाईदार आहे, निंजाच्या शेवटच्या पायरीवर चाकू दहापट लागतो, पण दोन वह्याही नाहीत आणि वेशही नाही. त्यातला खलनायक गट इन्स्टिट्यूट माणसं का पळवतो, याचं धड उत्तर शेवटपर्यंत मिळत नाही.

विस्तारांत डेड मनीला लोक शिव्या घालतात, गळ्यातला पट्टा, स्पीकर, विषारी ढग यांमुळे. पण तिथला फादर एलायजा हा एकमेव खलनायक आहे ज्याला लपून हरवता येतं. तिजोरीत टर्मिनलवर कॅसिनोचा मालक सिंक्लेअर याची खाजगी खाती उघडू नका, नाहीतर तुम्हीच कायमचे आत. एलायजाशी बोला, तो खाली यायला लागला की त्याच्या नजरेआडून बाहेर सटका. दार मिटतं आणि तो आत. अडचण सोन्याची. ३७ विटा, प्रत्येकी वजन ३५, म्हणजे १,२९५. स्ट्रेंग्थ १० असली तरी वजनाची मर्यादा २५०, तेव्हा बाकी सगळं टाकून दिलंत तरी सातच विटा. त्यापेक्षा जास्त उचलल्या तर धावता येत नाही, आणि इथे वेळ मोजका असतो. सात घ्या आणि निघा. प्रत्येकीची किंमत १०,५३९ कॅप्स, पण तेवढी रोकड एकाही दुकानदाराकडे नसते. गन रनर्स या शस्त्रविक्रेत्यांकडे जाऊन बदल्यात गोळ्या, मॉड आणि दुरुस्तीचं सामान घ्यावं लागतं, आणि तरी बाकीचे पैसे सोडूनच द्यावे लागतात.