अनशापोटी व्यायाम की दोन घास खाऊन?

आधी निर्णय सांगते, कारणं मागाहून. तासाभराच्या आतलं चालणं किंवा हलकं धावणं असेल, तर अनशापोटी करा की खाऊन करा, फारसा फरक पडत नाही. सूर्यनमस्कार आणि योगासनं तर रिकाम्या पोटीच बरी, भरल्या पोटाने पुढे वाकणं नकोसं होतं. व्यायाम तासाच्या पुढे जाणार असेल किंवा चांगली दमछाक करणारा असेल, तर काहीतरी खाऊन निघा. आणि मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ठरावीक गोळ्या चालू असतील, तर अनशापोटी व्यायामाचा प्रयोग आपल्या मनाने करूच नका.

बहुतेकांना अनशापोटी व्यायामाची ओढ वाटते ती चरबीमुळे. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. आपल्या यकृतात साधारण 80 ते 100 ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. रात्रभर मेंदू आणि बाकीचे अवयव त्यावर चालतात, त्यामुळे सकाळपर्यंत हा साठा बराच उतरलेला असतो. इन्सुलिनही कमी असतं. अशा वेळी चालायला निघालं की शरीर चरबीकडे जास्त वळतं. पण शरीराचा हिशोब तासाचा नसतो, दिवसाचा आणि आठवड्याचा असतो. सकाळी चरबी जास्त जळली, तर उरलेल्या दिवसात ती कमी जळते.

2014 मध्ये अमेरिकेतले व्यायामशास्त्राचे संशोधक ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी 20 तरुणींवर हेच तपासून पाहिलं. आठवड्यातून तीन दिवस, एकेक तास व्यायाम, असे चार आठवडे. निम्म्या जणींनी उपाशीपोटी केला, निम्म्यांनी खाऊन. रोजचा आहार दोन्हीकडे सारखाच मोजूनमापून कमी केलेला. वजन दोन्हीकडे उतरलं आणि दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. वजनासाठी म्हणून कुणी पहाटे जबरदस्तीने उपाशी धावत असेल, तर त्याने हे जरूर लक्षात घ्यावं.

अनशापोटी बाजूची एक जमेची गोष्टही सांगायला हवी. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाने 2019 मध्ये वजन जास्त असलेल्या पुरुषांवर सहा आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. न्याहारीआधी व्यायाम करणाऱ्यांनी व्यायामाच्या वेळी जवळजवळ दुप्पट चरबी जाळली. वजनात फरक पडला नाही, पण त्यांच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला. अभ्यास छोटा आहे, तरी ज्यांची साखर सीमारेषेवर आहे आणि औषध चालू नाही, अशांना न्याहारीआधीचं चालणं करून बघायला हरकत नाही.

आता दमाचं. पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या 103 पायऱ्या दोन-तीनदा चढून यायच्या असतील, तर स्नायूंमधला साठा पुरेसा असतो. रात्रीच्या झोपेत यकृताचा साठा उतरतो, स्नायूंचा नाही. सिंहगडाची गोष्ट वेगळी. आतकरवाडीतून वर जायला मला सव्वा तास लागतो आणि उपाशी गेले तर शेवटच्या टप्प्यात पाय शिशासारखे जड होतात. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन म्हणजे 21.1 किलोमीटर, त्यात यवतेश्वरचा घाट. आपल्यासारख्या हौशी धावपटूला दोन-अडीच तास सहज लागतात. तिथे उपाशी उभं राहणं म्हणजे तयारीवर पाणी सोडणं. लांबच्या व्यायामासाठी रूढ हिशोब असा, की आधीच्या एक ते चार तासांत शरीराच्या दर किलोमागे 1 ते 4 ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत. वेळ जितका कमी, तितकं प्रमाण कमी. 60 किलोच्या माणसाने तासभर आधी दोन मध्यम केळी आणि एखादा खजूर खाल्ला की भागतं. शर्यतीच्या दिवशी मात्र नवीन काही खाऊ नका. जे खायचं ते सरावाच्या रविवारी खाऊन बघितलेलं असावं.

खाऊन गेल्यावर पोट बिघडतं, अशी तक्रार मी खूप ऐकते. चूक बहुधा खाण्याची नसते, पदार्थाची आणि वेळेची असते. स्नायूंना रक्त हवं असतं तेव्हा पोटाचं रक्त कमी होतं आणि आतलं अन्न तसंच रेंगाळतं. तेल आणि शेंगदाणे जितके जास्त, तितकं रेंगाळणं जास्त. म्हणून दाणे घातलेल्या पोह्यांनंतर दीड-दोन तास जाऊ द्यावेत, पूर्ण जेवणानंतर तीन तास. गूळ-पोळीला तासभर पुरतो. अर्ध्या तासावर निघायचं असेल, तर केळं किंवा दोन खजूर, बस. नुसत्या चहावर निघणारे पुष्कळ आहेत. कॅफिनने दम टिकायला मदत होते हे खरं, पण पित्ताचा त्रास असेल तर उपाशी चहा आणि वर धावणं म्हणजे घशाशी आंबट येणं ठरलेलंच. पाणी मात्र दोन्ही पक्षांनी प्यायचं.

कोल्हापूरच्या तालमींचा दाखला नेहमी दिला जातो. पैलवान पहाटे उठून उपाशीपोटी जोर-बैठका मारतात, थंडाई नंतर. बरोबर आहे, पण त्यांचं रात्रीचं जेवण आणि वर्षानुवर्षांची सवयही मोजायला हवी. संध्याकाळी साडेसातला वाटीभर सूप पिऊन झोपलेल्याचं अनशेपोट आणि रात्री भाकरी, उसळ, दूध घेतलेल्याचं अनशेपोट सारखं नसतं. जिममध्ये वजनं उचलणाऱ्यांनाही हेच लागू. एका तासाच्या उपाशी व्यायामाने स्नायू वितळत नाहीत, दिवसभरात प्रथिनं पुरेशी गेली पाहिजेत. फक्त रात्रीपासून पोटात काही नसेल, तर व्यायामानंतरची अंडी, उसळ किंवा पनीर दुपारवर ढकलू नका. आणि मुलींनो, आधीच कमी खात असाल आणि वर रोज उपाशी धावत असाल, तर पाळी अनियमित होऊ शकते. तसं झालं तर डॉक्टरांना दाखवा.

मधुमेहाबद्दल मी इतकी ठाम का, ते सांगते. आमच्या इमारतीतले एक काका आमच्याबरोबर सिंहगडावर आले होते. सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी घेतली आणि वर जाऊन पिठलं-भाकरी खायची म्हणून न्याहारी टाळली. निम्म्या वाटेवर गार वारा सुटलेला असताना त्यांच्या कपाळावर घाम डवरला. पाण्याची बाटली काढायला त्यांनी सॅकच्या चेनला हात घातला, तर बोटं नुसती थरथरत होती, चेन काही सापडेना. "काका, बरं वाटत नाहीये का?" विचारलं तर "सोमवार आहे ना आज?" असं काहीतरी भलतंच बोलले. शेजारच्या मावशींनी लगेच ताकाचा ग्लास पुढे केला. मी म्हटलं, "मावशी, ताक नको, लिंबू सरबत द्या, साखर जास्त घालून." साखर खाली गेल्यावर साखरच लागते, ताकाने ती पटकन चढत नाही. दहा-पंधरा मिनिटांत त्यांचा चेहरा पूर्ववत झाला आणि आम्ही तिथूनच खाली उतरलो.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. नुसत्या मेटफॉर्मिनवर असं सहसा होत नाही. इन्सुलिन किंवा अशा गोळ्या घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी ग्लुकोमीटरवर साखर बघावी. 90 च्या खाली असेल, तर 15 ते 30 ग्रॅम कर्बोदकं खाऊनच सुरुवात करावी. 70 च्या खाली असेल, तर आधी साखर घ्यावी आणि त्या दिवशीचा व्यायाम राहू द्यावा. गोळीची वेळ आणि मात्रा डॉक्टरांना विचारून ठरवावी.

काका अजूनही येतात. आता अर्धी भाकरी आणि दूध घेऊन निघतात, आणि शर्टाच्या खिशात चार चमचे साखरेची कागदी पुडी असते. पायथ्याशी गाडीतून उतरलो की काकू ती पुडी आहे ना, हे खिशावरून हात फिरवून बघतात.