वासोट्याची बोट की रतनगडाची? मुंबईहून निघण्याआधी

दिवाळी उलटली की मला हा प्रश्न हमखास येतो. विचारणारे परळचे, डोंबिवलीचे, बोरिवलीचे. हातात शनिवार-रविवार, सोबत पाच-सात जण, आणि डोक्यात एकच चित्र: पहाटेचं धुकं, शांत पाणी, बोट, आणि पलीकडच्या काठावरून थेट गडाची वाट. मग विचारतात, वासोटा करू की रतनगड?

दोन्हीकडे मी बोटीने गेलो आहे, रतनगडाला बोटीशिवायही गेलो आहे. माझं उत्तर एका फरकावर उभं आहे. वासोट्याला बोट हाच रस्ता आहे. रतनगडाला बोट हा एक रस्ता आहे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण खर्च, वेळ, माणसांची संख्या, हंगाम, सगळं याच फरकातून ठरतं.

आधी वासोटा. साताऱ्याहून कास पठार ओलांडून बामणोलीला उतरायचं. समोर पसरलेला शिवसागर म्हणजे कोयना धरणाचा फुगवटा. कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्यांची खोरी 1960 च्या दशकात या पाण्याखाली गेली. शंभर टीएमसीहून जास्त पाणी मावणारा हा जलाशय इतका लांबलचक आहे की बामणोलीच्या धक्क्यावरून धरणाची भिंत दिसतही नाही. बोट दक्षिणेकडे निघते आणि तास-सव्वा तासाने मेट इंदवलीला लागते. तिथे वनखात्याचा नाका आहे, आणि तिथून जंगल सुरू होतं. कोयना अभयारण्य 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. त्यामुळे परवानगीची पावती, माणशी प्रवेश शुल्क आणि पिशव्यांची तपासणी यांतून कोणाची सुटका नाही. प्लास्टिकच्या बाटल्या आणि पुडे मोजून अनामत घेतात आणि परतताना तेवढेच दाखवले की परत देतात. मला ही पद्धत मनापासून आवडते. इतकी वर्षं इतके लोक जाऊनही त्या वाटेवर कचरा कमी दिसतो, तो यामुळेच.

आता मुद्द्याचं. गडावर किंवा जंगलात मुक्काम करता येत नाही. अंधार पडायच्या आत बोटीत बसावंच लागतं. म्हणजे वासोट्याचं वेळापत्रक परतीच्या बोटीपासून उलटं मोजायचं असतं. चढायला अडीच-तीन तास, वर किमान दीड तास, उतरायला दोन तास, आणि दोन्ही बाजूंचा बोटीचा प्रवास. बेरीज केली की सकाळी आठ-साडेआठला बोट सुटायला हवी, हे आपोआप कळतं.

आम्ही पहिल्या वेळी ही बेरीज केली नव्हती. नऊ जण होतो. रात्री उशिरा मुंबई सोडली, साताऱ्यात नाश्त्याला थांबलो, कासवर फोटो काढत बसलो आणि बामणोलीला दहा वाजता पोहोचलो. पावती आणि बोटीची सोय होईपर्यंत अकरा वाजले. मेट इंदवलीला उतरलो तेव्हा सव्वाबारा झाले होते, आणि बोटवाल्याने चारला परत या असं सांगितलं. ओढ्याकाठचा मारुती, मग गर्द झाडीतली चढण, आणि नागेश्वरच्या गुहेची वाट जिथे फुटते तिथे घड्याळ पाहिलं. आमच्यातले दोघे मागे पडले होते. तिथूनच वळलो. गड डोक्यावर होता आणि पाय खाली चालले होते. परतीच्या बोटीत कोणी फारसं बोललं नाही.

दुसऱ्या वेळी आदल्या दिवशीच निघालो ते मुक्कामच बामणोलीला केला. मुंबईहून साताऱ्यापर्यंत साधारण अडीचशे किलोमीटर आणि तिथून घाटरस्त्याने आणखी पस्तीस-चाळीस. एवढं अंतर गाडी चालवून त्याच सकाळी बोट पकडायची तर रात्रीच मुंबई सोडावी लागते, आणि चालवणाऱ्याची झोप मोडते. मी तरी कोणाला तसं सुचवणार नाही. बामणोली आणि शेजारच्या शेंबडीला पाण्याकाठी तंबू मिळतात, गावात घरगुती जेवणही मिळतं. पहाटे धक्क्यावर पहिले तुम्हीच असता. डिसेंबर-जानेवारीत तिथली थंडी मुंबईकराला अंदाज येणार नाही इतकी बोचरी असते. कानटोपी विसरू नका.

वर पोहोचलात की श्रमाचं चीज होतं. छप्पर नसलेला मारुती, महादेवाचं देऊळ, वाड्याचे अवशेष, पाण्याची टाकी, आणि मग बाबुकडा. त्या कड्याच्या काठावर उभं राहिलं की खाली कोकण सरळ तुटून पडलेलं दिसतं आणि समोर शेजारचा डोंगर, जुना वासोटा. ताई तेलिणीने याच गडावरून पेशव्यांच्या बापू गोखल्यांशी झुंज दिली. तिच्या नावाची कवनं साताऱ्याकडची म्हातारी माणसं अजून म्हणतात. 1818 मध्ये इंग्रजांनी गड घेतला तेव्हा छत्रपती प्रतापसिंहांचा परिवार इथेच नजरकैदेत होता.

नागेश्वरची गुहा त्याच दिवशी गाठायचा हट्ट करू नका. बोटीच्या वेळेत ते फक्त सरावातल्यांना जमतं.

बोटीशिवाय वासोटा आहे का? आहे, कोकणातून. खेड तालुक्यातल्या चोरवण्यातून नागेश्वरला चढायचं आणि तिथून धारेने वासोट्याकडे यायचं. महाशिवरात्रीला कोकणातले लोक याच चढणीने नागेश्वरला येतात. पण ती चढण दमवणारी आहे, वाटाड्या हवाच, आणि अभयारण्याची परवानगी तिथूनही चुकत नाही. पहिल्याच वेळी जाणाऱ्यांनी या वाटेचा विचार करू नये.

आता रतनगड. भंडारदऱ्याचं विल्सन धरण 1926 मध्ये पूर्ण झालं, म्हणजे कोयनेपेक्षा जवळजवळ चार दशकं जुनं. जलाशयही तिच्या मानाने लहान, अकरा टीएमसीच्या आसपास. धरणाजवळच्या शेंडी गावातून बोट घ्यायची आणि पाण्याच्या दुसऱ्या टोकाला रतनवाडीच्या बाजूला उतरायचं. उजवीकडे डोंगरांची रांग, पुढे रतनगडाचा खुटा म्हणजे सुळका आणि त्याच्या शेजारी कातळातलं आरपार नेढं हळूहळू मोठं होत जातं. गड असा पाण्यावरून जवळ येताना पाहणं हा रतनगडाच्या बोटीचा खरा लाभ. वासोट्याला तो मिळत नाही, तिथे गड झाडीत लपलेला असतो.

पण शेंडीहून रतनवाडीपर्यंत जलाशयाला वळसा घालून गाडीरस्ता आहे. बोट नाही मिळाली, वारा सुटला, सोबतचा कोणी पाण्याला घाबरला, तर गाडी काढा आणि रतनवाडीत उतरा. परतताना उशीर झाला तरी कोणी काठावर अडकत नाही. इथे मनावर घड्याळाचं ओझं नसतं. आमच्यासारखं अर्ध्या वाटेतून वळावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र आधी विचारून घ्या: आज बोट नेमकी कुठे उतरवणार? दोन्ही जलाशय पावसाळ्यानंतर काठोकाठ असतात आणि उन्हाळ्याकडे उतरत जातात. पाणी मागे सरकलं की बोटही मागेच थांबते आणि उरलेलं अंतर गाळातून, खडकांतून चालावं लागतं. रतनवाडीच्या टोकाला हा फरक जास्त जाणवतो, कारण तिथे जलाशय उथळ होत गेला आहे. मार्चनंतर बोटीपेक्षा रस्ता बरा. नोव्हेंबर ते जानेवारी हा बोटीचा खरा काळ, दोन्हीकडे.

रतनवाडीतलं अमृतेश्वराचं देऊळ चढण्याआधी बघा, उतरल्यावर नको. उतरल्यावर पाय दुखत असतात आणि देऊळ घाईत उरकलं जातं. काळ्या दगडातलं कोरीवकाम, शेजारची पुष्करणी, आणि मागे प्रवरेचं खोरं. प्रवरा याच डोंगरात उगम पावते. गडावर जायला तीन तास धरा. शेवटच्या टप्प्यात लोखंडी शिड्या आहेत आणि सुट्टीच्या दिवशी तिथे रांग लागते. शिडीवर एका वेळी मोजकीच माणसं घ्या, मागच्यांनी घाई केली तरी. वर गणेश दरवाजा, हनुमान दरवाजा, गुहा, टाकी आणि नेढं. नेढ्यात बसलं की वारा कानात घोंघावतो. एका बाजूला भंडारदऱ्याचं पाणी, दुसरीकडे कोकणाकडे कोसळणारे कडे.

हा सगळा मुलूख महादेव कोळ्यांचा. राघोजी भांगरे याच अकोले तालुक्यातला. इंग्रजांविरुद्ध उठला आणि 1848 मध्ये त्याला आपल्या ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. ठाण्याहून कसाऱ्याची लोकल पकडताना मला हे दर वेळी आठवतं.

लोकलचा विषय निघालाच आहे, तर गाडी नसणाऱ्यांसाठी रतनगड निर्विवाद सोपा. कसाऱ्यापर्यंत लोकल, किंवा थेट इगतपुरीला गाडी, मग घोटीहून बारीमार्गे शेंडीला एसटी किंवा जीप. एकट्यादुकट्याला परवडतं. वासोट्याला एसटीने साताऱ्यापर्यंत सहज जाता येतं, पण बामणोलीच्या फेऱ्या मोजक्या, आणि सकाळची बोट पकडायची तर आदल्या दिवशीच पोहोचावं लागतं.

खर्चाचं गणितही माणसांच्या संख्येवर फिरतं. बामणोलीला भाडं पूर्ण बोटीचं ठरतं, माणशी नाही. आठ-दहा जण असाल तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडंच येतं. तिघेच गेलात तर रिकाम्या जागांचे पैसेही तुम्हीच भरता. तिघा-चौघांनी धक्क्यावर दुसऱ्या गटाला विचारून बोट वाटून घ्यावी. पण मग परतीची वेळ दोन्ही गटांनी निघण्याआधीच मान्य करायची. एका गटाने वर रेंगाळायचं आणि दुसऱ्याने काठावर ताटकळत बसायचं, असं मी बामणोलीला पाहिलं आहे. रतनगडाला तिघांनी सरळ रस्त्याने जावं. बोट हवीच असेल तर जाताना एकदाच घ्यावी.

पावसाळ्यात? वासोटा बंद असतो. जूनच्या मध्यापासून साधारण ऑक्टोबरपर्यंत विचारही नको. रतनगड पावसाळ्यात लोक करतात, सोनकीच्या दिवसांत तर गडाचा माथा पिवळा होतो. पण बोटीने नाही. भरल्या पावसात जलाशयावर बोट मागू नका आणि कोणी नेतो म्हणाला तरी बसू नका. ओलसर शिड्या आणि भरून आलेले ओढे तेवढे पुरे आहेत.

बोटीत बसताना लाइफ जॅकेट अंगात घाला, मांडीवर ठेवू नका. पट्टे तुटके असतील तर दुसरं मागा. फोटोसाठी सगळे एका बाजूला गेले की बोट कलते, हे लहान मुलांना आधीच सांगून ठेवा. दुपारनंतर शिवसागरावर वारा वाढतो आणि सकाळी आरशासारखं दिसलेलं पाणी लाटा मारायला लागतं. वासोट्याहून वेळेत परतायचं याचं हेही एक कारण.

आमच्या चाळीतल्या एक काकू मूळच्या कांदाटी खोऱ्यातल्या. धरण झालं तेव्हा त्यांचं गाव पाण्यात गेलं आणि घर परळला आलं. जावळीतले, पाटणचे असे कितीतरी लोक मुंबईत माथाडी म्हणून, गिरणीत म्हणून राबले. वासोट्याहून आल्यावर मी त्यांना फोटो दाखवले. त्यांनी गड पाहिलाच नाही. बोटीतून काढलेला पाण्याचा एक फोटो मोठा करून विचारत राहिल्या, हा काठ कुठला, ही टेकडी कुठली. म्हणून शिवसागरावरून जाताना बोटवाल्याला खालच्या गावांची नावं विचारा. त्यांना ती सांगायची असतात.

तर आठ-दहा जण, चालायची सवय, स्वतःची गाडी, हिवाळा, आणि आदल्या रात्री मुक्कामाची तयारी असेल तर वासोटा करा. दोघे-तिघे, पहिलाच मोठा ट्रेक, लोकलवर भिस्त, किंवा सोबत न चढणारं कोणी असेल तर रतनगड. आणि फक्त बोटीचीच हौस असेल तर दोन्ही सोडा. शिवसागराच्याच काठावरच्या तापोळ्याला जा, पाण्यावर दोन तास फिरा आणि महाबळेश्वरमार्गे परत या.

येत्या जानेवारीत मी आईला घेऊन रतनवाडीला जातोय. ती चढणार नाही. शेंडीहून बोटीने येईल, अमृतेश्वराच्या ओट्यावर दुपारभर बसेल, आणि आम्ही खाली उतरलो की गाडीने सगळे एकत्र परत येऊ. वासोट्याला तिला मेट इंदवलीच्या नाक्यावर बसवून वर गेलो असतो का? नाही.