सेकंडहँड कॅमेरा, ७०-३०० लेन्स आणि कोपरखैरण्याची ओल : नऊ महिन्यांनंतर

लेन्स आतून साफ करून घ्यायला अठराशे रुपये मोजले, त्या रात्री हे लिहायला बसले होते. पहिलंच वाक्य होतं, "सेकंडहँड लेन्स कुणीही घेऊ नका." ते आज खोडलं आहे. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण वस्तूवरचा राग आता उरलेला नाही. २४ मेगापिक्सेलची साधी डीएसएलआर बॉडी, सोबतची १८-५५ एमएम लेन्स आणि वेगळी घेतलेली, लांबचं जवळ दाखवणारी ७०-३००. फोर्टमधल्या बोरा बाजारच्या एका दुकानातून, सगळं मिळून ३८,५०० रुपये.

हे पैसे कसे उभे राहिले ते आधी सांगते, कारण माझी खरी चूक तिथेच झाली.

दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यात घरात विषय काढला. माझं वय तेव्हा सोळा. मला नवा कॅमेरा हवा होता, नो-कॉस्ट ईएमआयवर. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू अजून अठराची नाहीस. कर्ज माझ्या नावावर होणार, आणि घराचा हप्ता आधीच चालू आहे." मग मी कागद घेऊन बसले. नो-कॉस्टमध्ये व्याजाएवढी सवलत मिळते हे खरं, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्याच खिशातून जाते. हे कळल्यावर मीच तो हट्ट सोडला आणि जुन्या कॅमेऱ्याकडे वळले.

आईची भिशी आहे, दहा जणींची, महिना तीन हजारांची. एप्रिलमध्ये सुरू झाली होती. मे महिन्याची चिठ्ठी शेजारच्या काकूंना लागली होती. आईने त्यांच्याशी बोलून नंबर बदलून घेतला. ते तीस हजार झाले. उरलेले साडेआठ हजार आबांनी, म्हणजे आजोबांनी, त्यांच्या एफडीच्या व्याजातून दिले. आबांनी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी म्हणून बत्तीस वर्षं काढली. पैसे मोजून हातात ठेवताना त्यांनी एवढंच विचारलं, "आनशील खरं, पर ठेवणार कुटं?" मी म्हटलं, कपाटात. ते म्हणाले, "बाहेरच्या भितीला वल धरतीय पावसात. कपाट तिथनं हलवा." मी हो म्हटलं आणि विसरून गेले.

परतफेडीचं असं ठरलं की बिल्डिंगमधल्या दोन मुलांच्या शिकवणीचे दोन हजार जूनपासून दर महिन्याला आईला द्यायचे. तिचे फिटले की आबांचे.

आता कॅमेऱ्याबद्दल. पहिले दोन महिने मी फक्त कौतुकच लिहिलं असतं. शटर काउंट, म्हणजे आधी काढलेल्या फोटोंचा आकडा, अठरा हजारांच्या आसपास होता, म्हणजे या वर्गातल्या बॉडीसाठी फारसा नाही. या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे, त्यामुळे ३०० एमएम त्यावर ४५० सारखं दिसतं, आणि फ्लेमिंगोसाठी तेवढं हवंच. बाबांना वाटायचं पक्ष्यांसाठी कुठेतरी लांब जावं लागेल. पण २०१५ साली अभयारण्य म्हणून जाहीर झालेली आणि २०२२ साली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेली ठाणे खाडी नवी मुंबईत, कोपरखैरण्याच्या आमच्या घरामागेच आहे. मेअखेरीला नेरुळच्या तलावावर गेलो, भरतीची वेळ बघून. खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की पक्षी तलावांवर येऊन बसतात, त्यामुळे घड्याळाआधी भरतीचं वेळापत्रक बघायचं. उडत्या पक्ष्यांना १/१००० सेकंद शटर ठेवलं आणि पहिल्याच दिवशी लहान रोहितच्या (लेसर फ्लेमिंगोच्या) पंखाखालचा गडद गुलाबी रंग स्वच्छ आला. आईने तो फोटो भिशीच्या ग्रुपवर टाकला. काकूंनी लिहिलं, "माझा नंबर सत्कारणी लागला." मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

ऑटोफोकस ३०० ला जरा अडखळतो, बॅटरी ठीक, पकड चांगली. यावर अजून काही सांगण्यासारखं नाही.

श्रावणात आमच्या मजल्यावर मंगळागौर होती. बायकांच्या खेळात मध्ये जायला नको म्हणून लांबून ७०-३०० लावून फोटो काढले. घरी बघते तर समईच्या प्रत्येक ज्योतीभोवती धुरकट वलय. आधी वाटलं काच पुसायची राहिली. पुसली, तरी तसंच. मग मोबाइलचा टॉर्च मागून लावून आत बघितलं. पुढून दुसऱ्या की तिसऱ्या काचेच्या कडेला पांढरे बारीक धागे होते, एका ठिपक्यातून फुटून चहूकडे पसरलेले. आईने बघितलं आणि म्हणाली, "पापडाला धरते तीच बुरशी ही."

मी रडले. काचेसाठी नाही. तीस हजार दुसऱ्या बायकांचे आणि साडेआठ हजार आबांचे, आणि त्यातलं मी तोपर्यंत आईला फक्त चार हजार फेडलं होतं.

दुकानदाराने एक महिन्याची गॅरंटी संपल्याचं सांगितलं. अधिकृत सर्व्हिस सेंटरने लेन्स ठेवून घेतली आणि चार दिवसांनी फोन केला: काचेचा पूर्ण गट बदलावा लागेल, ९,८०० रुपये. लेन्स मी घेतली होती १४,५०० ला. नको म्हटल्यावर परत देताना तपासणीचे ५९० मागितले. लेन्स जमा करताना हे कुणी सांगितलं नव्हतं, पावतीवरही नव्हतं. मी आणि बाबा तिथे पाऊण तास उभे राहिलो. शेवटी त्यांनी पैसे घेतले नाहीत, पण आम्ही मेहेरबानी मागतोय अशी वागणूक दिली. त्याचा राग मला आजही आहे आणि तो जाणार नाही. लेन्स हातातून सोडण्याआधी तपासणीचे पैसे किती ते विचारा आणि पावतीवर लिहून घ्या.

फोर्टमध्येच एका जुन्या कारागिरांनी आमच्यासमोर लेन्स उघडली. धागे पुसले गेले, पण एका कडेला कोटिंगवर, म्हणजे काचेवरच्या पातळ लेपावर, नखाएवढा डाग राहिला. बुरशीतून जे आम्ल सुटतं ते कोटिंग खातं, त्यामुळे तो जाणार नाही म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "ठेवता कशात?" मी सांगितलं: कापडी पिशवीत, कपाटात, बाहेरच्या भिंतीला लागून. सोबत बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या. ते म्हणाले त्या पुड्या केव्हाच भरून गेल्या असतील. नंतर मी मोजलं तेव्हा खोलीतली आर्द्रता ८८ टक्के होती. आर्द्रता साठ-सत्तरच्या वर, हवा तुंबलेली आणि अंधार असला, की बुरशी सहज धरते.

म्हणजे दुकानदाराने फसवलं असं मी जे सगळीकडे सांगत होते, ते मला मागे घ्यावं लागलं. मे महिन्यात टॉर्च लावून मी स्वतः बघितलं होतं, तेव्हा काचा स्वच्छ होत्या.

आणि आता ती चूक. पैसे मागताना मी रक्कम मुद्दाम कमी सांगितली. माझ्या पहिल्या यादीत बॅग, जास्तीची बॅटरी, हवाबंद डबा, आर्द्रतामापक होतं. एकूण आकडा चाळिसाच्या वर जात होता आणि घरचे नाही म्हणतील या भीतीने मी ते सगळं खोडलं. ऑगस्टमध्ये तेच पैसे दुसऱ्यांदा मागावे लागले: साफसफाईचे १,८००, मापकाचे ३५०, सिलिका जेलचे ३००. बाबांनी २,४५० काढून दिले, एक शब्द बोलले नाहीत, आणि मे महिन्यातल्या त्यांच्या "नाही"पेक्षा मला ते गप्प राहणं जड गेलं. तुम्ही घरी मागणार असाल तर पूर्ण आकडा मागा. नाही म्हणाले तर वस्तू लहान घ्या, डबा वगळू नका.

आता लेन्स आणि बॉडी आईच्या पापडाच्या क्लिपवाल्या डब्यात राहतात, झाकणाला रबर आहे तो. आत जाळीच्या पिशवीत निळं सिलिका जेल. ते गुलाबी पडलं की जुन्या कढईत मंद आचेवर निळं होईपर्यंत परतायचं. त्यात कोबाल्टचं रसायन असतं, म्हणून ती कढई पुन्हा स्वयंपाकाला वापरायची नाही. आजीने तांदूळ सुचवले होते, पण त्यांची भुकटी लेन्सच्या रिंगमध्ये जाते. आर्द्रतामापकाचा काटा ४० ते ५० मध्ये ठेवते. फार कोरडंही नको, रबर कडक होतं. कपाट आम्ही आतल्या भिंतीला सरकवलं, आबांनी मे महिन्यातच सांगितलं होतं तसं.

फोटोत तो डाग दिसत नाही, फक्त सूर्य समोर असला तर काळा रंग जरा फिका पडतो. डिसेंबरपासून ऐरोलीला तीनदा गेले, ऊन पाठीशी घेऊन. चित्रं मे महिन्याइतकीच चांगली आली. हीच लेन्स याच किमतीला मी पुन्हा घेईन.

भिशी जानेवारीत संपली. आईचे बारा हजार, आबांचे साडेआठ हजार, बाबांचे २,४५० अजून द्यायचे आहेत. एक तारखेला हप्ता देते आणि त्याच दिवशी टॉर्च लावून काच तपासते. या महिन्यात आबांनी लेन्स मागून घेतली, चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघितलं. कडेचा डाग आहे तेवढाच आहे.